मत्स्यालयाची घडवंची

घरीं पाहुणा यावयाचा असला म्हणजे त्याच्या जेवणाचा विचार आपण पुष्कळ करतों. परंतु तो बसणार कोठें, याचा विचार बहुधा तो दारांत उभा राहिल्यावर सुचतो. मग कोणी सतरंजी शोधतो, कोणी खुर्चीवरील वर्तमानपत्रें उचलतो, आणि तोंवर बिचारा पाहुणा उंबऱ्याशीं उगाच घोटाळत राहतो. गेल्या वर्षीं ज्येष्ठांत आमच्या घरीं असेच पाहुणे आले. ते होते मासे. त्यांच्या आसनाविषयीं आम्हीं जी बेफिकिरी दाखविली तिची हकीगत आज वाचकांपुढें मांडावयाची आहे. हकीगत आमच्या भूषणाची नाहीं. तथापि ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत आणि मुलांच्या हौसेसाठीं कांचेचें मत्स्यालय आणण्याचें घाटत आहे, त्यांना तिचा कांहीं उपयोग व्हावा, एवढ्यासाठीं ती सांगतों.

आमचें मलकापूर शाहूवाडी तालुक्यांत, कोल्हापूरहून रत्नागिरीस जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथून पुढें आंबा घाट लागतो, आणि घाट उतरला कीं कोंकण. १८४४ सालच्या बंडानंतर इंग्रजांनीं विशाळगडाची मोडतोड केली, तेव्हां तेथील प्रतिनिधींच्या जहागिरीचें ठाणें गडावरून आमच्या गांवीं आलें. अशा जुन्या गांवांतील आमचें घरही जुनेंच. खालीं शहाबादी फरशीचें माजघर, वर कडीपाटाची माडी, आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत कौलांवर पावसाची टिपरी. चार महिने घरांतील लांकूड फुगतें, दारें अडतात, खण निघत नाहींत; आणि दिवाळीच्या सुमारास तींच दारें पुन्हा शहाण्यासारखीं वागूं लागतात. लांकडाच्या या ऋतुमानाची आम्हांला इतकी सवय झाली होती, कीं पुढें जें घडलें त्याची सूचना तें लांकूड महिनाभर देत होतें, तरी आम्हांला ती ऐकूं आली नाहीं.

चिरंजीव आणि सूनबाई यांना नोकरीनिमित्त वर्षभर परदेशीं राहावें लागलें, आणि त्यांची पांच वर्षांची कन्या आमच्या स्वाधीन झाली. नातवंड घरीं राहावयास येणें हें भाग्य खरें. पण तें सुट्टींत पाहुणें म्हणून येणें निराळें आणि ठेव म्हणून येणें निराळें. दिवसा ती शेजारच्या मुलांत रमे. दिवेलागणीला मात्र ओटीवर येऊन गुपचूप बसे. विचारलें तर "कांही नाही" म्हणे. मुलांचें "कांही नाही" म्हणजे काय असतें, हें जाणण्याइतकें वय आमचें झालें आहे. तिला कांहीं तरी जिवंत सोबत हवी होती. कुत्र्यामांजरांविषयीं आमच्या सौभाग्यवतींची मतें कडक आहेत. तेव्हां मासे आणावे असें ठरलें.

खरें सांगावयाचें तर ही हौस निम्मी आमचीच होती. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं उघडलेलें तारापोरवाला मत्स्यालय आम्हीं शाळकरी वयांत वडिलांचें बोट धरून पाहिलें होतें. हिरवट उजेडांतून संथपणें वळणारे ते मासे अजून डोळ्यांपुढें आहेत. त्या टाक्या कशावर उभ्या होत्या, हें मात्र कितीही आठवूं म्हटलें तरी आठवत नाहीं. मत्स्यालयाकडे पाहणाऱ्याची दृष्टि पाण्याच्या तळाशीं थांबते. तळाखालीं काय आहे, हें पाहण्यास कोणी वाकत नाहीं.

कोल्हापुरास जाऊन आम्हीं तीन फूट लांब, सवा फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी कांचेची टाकी घेतली. दुकानदारानें तिच्याजोगी लोखंडी घोडीही दाखविली. किंमत साडेतीन हजार रुपये. आम्हीं ती हातानें थोडी हलवून पाहिली आणि मोठ्या शहाणपणानें म्हटलें, "टेबल घरीं आहे." तें टेबल आमच्या तीर्थरूपांचें. सागवानी, चार निमुळत्या पायांचें, पुढें एक लांब खण असलेलें. त्यावर त्यांनीं चाळीस वर्षें हिशेब लिहिले. ज्या टेबलानें एवढे हिशेब सोसले, तें चार मासे सोसणार नाहीं काय, असा आमचा कोटिक्रम होता.

टाकी घरीं आली आणि टेबलावर चढली. सौभाग्यवती कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पाण्याचा हंडा ठेवायचा तरी आपण घडवंची बघतों. हा एवढा हौद तुम्ही लिहिण्याच्या टेबलावर ठेवतां?" आम्ही हंसलों. स्वयंपाकघरांतील न्याय दिवाणखान्यांत लागू होत नाहीं, अशा आशयाचें कांहीं तरी उत्तर आम्हीं दिलें असावें. त्या उत्तराची आज आठवण झाली म्हणजे मान खालीं जाते.

चार सोनमासे पाण्यांत सोडले. नातीचें ओटीवर बसणें त्या दिवसापासून थांबलें. तिन्हीसांजेला ती टाकीपुढें उभी राहून माशांना दिवसभराच्या बातम्या सांगे. माशांच्या खाद्याची डबी टेबलाच्या खणांत ठेवलेली असे. ती काढून चिमूटभर खाद्य पाण्यावर टाकणें हा तिचा रोजचा नेम झाला. पंधरा दिवसांनीं खण जड निघूं लागला. आम्हीं म्हटलें, पावसाळा आहे. पुढें पाण्याची रेघ एका बाजूला बोटभर खालीं दिसूं लागली. आम्हीं म्हटलें, जुनी फरशी आहे, खचली असेल. मनुष्याला कारण हवें असलें म्हणजे तें नेहमीं हाताशीं सांपडतें.

श्रावणांतील एका सकाळीं नात डबी काढण्यास गेली. खण निघेना. तिनें दोन्हीं हातांनीं धरून जोरानें हिसका दिला. कडाड असा आवाज झाला. त्या वेळीं सौभाग्यवती तेथेंच फुलें निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं परडी टाकून मुलीला दंडाला धरून मागें ओढलें. टेबलाचा मागला उजवा पाय सांध्यांतून निखळला होता. टाकी मागें कलली, भिंतीवर रेलली, आणि तिच्या तळाची कांच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. आम्ही धांवत आलों तों माजघरांत घोटाभर पाणी वाहत होतें आणि मुलगी आजीच्या पदरांत तोंड लपवून थरथरत होती. कोणाला खरचटलेंही नाहीं. तीन मासे पातेल्यांत वांचले. एक फरशीवरच गेला.

मागला पाय मोडला म्हणून टाकी भिंतीवर गेली. पुढला मोडला असता तर ती कोठें गेली असती, हें निराळें सांगण्याची जरूर नाहीं. त्या रात्रीं चिरंजिवांना फोनवरून सर्व सांगणें प्राप्तच होतें. आम्हीं सांगितलें. पलीकडे क्षणभर कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग त्यांनीं एवढेंच विचारलें, "ती आत्तां कुठें आहे?" झोपली आहे, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं आम्हांला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें वाटलें असतें.

दुसऱ्या दिवशीं आमच्या आळींतील जुन्या सुतारांना बोलावलें. त्यांनीं टेबल उलथें करून निखळलेला सांधा बोटानें चाचपला आणि ते म्हणाले, "मास्तर, टेबलाची चूक न्हाई. हे बसून लिवायचं टेबल. वझं फळीवर नसतंय, सांध्यात असतंय." मग त्यांनीं आम्हांला जें समजावून दिलें, तें आमच्या शिक्षकी पेशाला लाजविणारें होतें. या टेबलाची फळी पायांच्या डोक्यावर बसविलेली नसून पायांच्या बाजूला जोडलेल्या पट्ट्यांवर होती. म्हणजे वरचें सारें ओझें लांकडावरून लांकडावर सरळ जमिनीकडे न उतरतां, लहानशा कुसवांवर आणि खिळ्यांवर लोंबकळत होतें. शिवाय चार पायांना खालीं एकमेकांशीं बांधणारी आडवी पट्टी नाहीं आणि पाठीला फळी नाहीं. असें टेबल उभें ओझें कांहीं काळ सोसतें. परंतु बाजूनें धक्का बसला कीं पत्त्यांच्या घराप्रमाणें तिरकें होऊं लागतें. खण अडकत होता तो पावसानें नव्हे. चौकट वांकडी होत चालली होती आणि खण तें सांगत होता.

त्या दिवशीं दुपारीं आम्हीं कागद घेऊन जो हिशेब आधींच करावयास हवा होता तो केला. वाचकांनींही तो करून पाहावा. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. आमची टाकी कांठाखालीं दोन इंच सोडून भरली म्हणजे तिच्यांत सुमारे १४० लिटर पाणी मावे. म्हणजे पाण्याचेंच वजन १४० किलो. आठ मिलिमीटर जाडीच्या कांचेचें वजन दर चौरस मीटरला २० किलो भरतें. त्या मानानें रिकामी टाकी ३० किलोंची. तळाशीं वाळू आणि गोटे मिळून आणखी २० ते २५ किलो. सगळे मिळून १९० किलोंच्या वर. चाळीस शेरांच्या जुन्या मणानें मोजलें तर पांच मणांहून अधिक! तीर्थरूपांच्या टेबलावर तीन धट्टेकट्टे गृहस्थ रात्रंदिवस बसवून ठेवावे, तसें आम्हीं केलें होतें. आणि गृहस्थ निदान कंटाळून उठून तरी जातात. पाणी उठत नाहीं.

एवढ्यांत सौभाग्यवतींनीं माळ्यावरून एक वस्तु उतरवून घेतली. ती आमच्या आजीची घडवंची. नव्या पिढींतील वाचकांपैकीं अनेकांनीं ती पाहिली नसेल. नळ घरांत येण्यापूर्वीं पाण्याचे हंडे, घागरी आणि कळशा जिच्यावर रचून ठेवीत ती ही लांकडी बैठक. उंची जेमतेम दीड फूट, पाय मनगटाएवढे जाड, पायांना चहूं बाजूंनीं आडव्या पट्ट्या, आणि वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसविलेली. सुतारांनीं ती पाहिली मात्र, त्यांचे डोळे चमकले. "ही बघा," ते म्हणाले, "ज्यानं केली त्याला पाणी काय असतंय ते ठावं हुतं."

ही घडवंची आमच्या ओळखीची होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हां आम्ही बारा वर्षांचे होतों. चार वाजून गेले होते. सहांहून अधिक तीव्रतेचा तो धक्का कोयनानगरचीं घरें पाडून गेला. आमच्याकडे कौलें खडखडलीं, फळीवरचे डबे खालीं आले, आणि अंधारांत हंड्यांचा एकमेकांवर आपटल्याचा आवाज झाला. वडिलांनीं आम्हांला अंगणांत नेलें. उजाडल्यावर आंत येऊन पाहतों तों घडवंचीखालीं पाणी सांडलेलें, पण घडवंची जागची हललेली नाहीं आणि तिच्यावरील एकही घागर पडलेली नाहीं. आजीनें तिला हळदकुंकू वाहिलें होतें. आम्ही तेव्हां त्यालाही हंसलों होतों.

कोणी म्हणेल, मग तीच घडवंची टाकीखालीं कां ठेवली नाहीं? आम्हीं तें सुचविलें. सुतारांनीं मान हलविली. घागरीचें बूड लहान आणि धातूचें. तें खालच्या दोन पट्ट्यांवर टेकलें तरी पुरतें. कांचेच्या टाकीचें तसें नाहीं. तिचा तळ सबंध टेकला पाहिजे. येथें थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांना पाहण्यासाठीं पहिलें मत्स्यगृह उघडलें, आणि त्या कामांत भाग घेणाऱ्या फिलिप गॉस यांनीं पुढल्या वर्षीं लिहिलेल्या पुस्तकानें इंग्लंडांत घरोघरीं मत्स्यपेट्यांचें वेड पसरविलें. त्या पेट्यांना धातूची चौकट असे आणि तळ पुष्कळदां पाटीच्या दगडाचा असे. म्हणजे पेटीला स्वतःचीं हाडें होतीं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत सिलिकोनचा चिकट लेप निघाला, तेव्हांपासून नुसती कांच कांचेला चिकटवून टाक्या होऊं लागल्या. त्या दिसतात सुरेख. पण त्यांचीं हाडें आतां बाहेर, खालच्या बैठकींत आहेत. कांच वांकत नाहीं. चार कोपऱ्यांपैकीं एक कोपरा कागदाच्या चार घड्यांएवढा अधांतरी राहिला, तर पाण्याचा भार तळाला पिळतो, आणि आज ना उद्यां तडा जातो. टाकी सबंध एका बाजूला किंचित् कलली तर तें वाईट. पण तळ पिळला गेला तर तें त्याहून वाईट.

मग नवी बैठक झाली ती अशी. पाय तीन इंची चौरस सागवानाचे. वरची चौकट बरोबर त्यांच्या डोक्यावर. खिळे आणि स्क्रू केवळ जागच्या जागीं धरण्यासाठीं, ओझें वाहण्यासाठीं नव्हेत. चौकटीवर पाऊण इंच जाडीचें, पाण्यांत टिकणारें, आय. एस. ७१० शिक्क्याचें प्लायवूड. हल्लीं भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचीं कपाटें स्वस्त मिळतात. तीं दिसण्यांत लांकडासारखीं असलीं तरी कडेनें पाणी शिरलें कीं पावासारखीं फुगतात आणि त्यांत स्क्रू धरत नाहीं. आणि मत्स्यालयाजवळ पाणी सांडणार नाहीं, असें घर नाहीं. पाठीला सबंध फळी ठोकली, कारण बाजूचा धक्का तीच सोसते. वरची फळी टाकीहून चहूं बाजूंनीं इंचभर मोठी; टाकीची कड फळीबाहेर डोकावतां कामा नये. उंची दोनच फूट. सुतारांच्या मतें बैठकीची उंची रुंदीच्या दुपटीच्या आंत असावी. उंच आणि अरुंद बैठक हत्तीला शिडीवर चढविण्यासारखी. शिवाय दोन फुटांवर टाकी असली म्हणजे पांच वर्षांच्या मुलीला मासे पाहण्यासाठीं कशावर चढावें लागत नाहीं. या बैठकीला खण ठेवला नाहीं. माशांचें खाद्य आतां भिंतींतील कोनाड्यांत असतें.

लोखंडी घोडी वाईट, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. जोड नीट वितळवून सांधलेले असतील, पायांना आडव्या पट्ट्या असतील, आणि वर सपाट फळी असेल तर ती उत्तमच. परंतु आमच्या बाजूच्या पावसांत लोखंडाला गंज फार लवकर चढतो. घोडीला लाल ऑक्साईडचा हात आणि त्यावर रंग द्यावा, पायांखालीं रबराच्या टोप्या घालाव्या, आणि दरवर्षीं दसऱ्याला सांधे तपासावे. दुकानांत ती विकत घेतांना आम्ही केलें तसें वरून हलवून पाहूं नये. खालीं बसून कोपऱ्याला हात लावून आडवी ढकलून पाहावी. जी रिकामी असतांना डुलते, ती भरल्यावर स्थिर होईल, ही आशा करूं नये.

बैठक जागेवर आली तेव्हां सुतारांनीं आणखी एक गोष्ट केली. टाकी ठेवण्यापूर्वीं त्यांनीं आम्हांला आणि शेजारच्या दोघां गृहस्थांना तिच्यावर ओळीनें बसविलें आणि आपण बाजूनें खांदा लावून ढकललें. आम्ही तिघे दशग्रंथी गंभीर चेहरे करून बसलेले पाहून नात कित्येक दिवसांत हंसली नव्हती इतकी हंसली. बैठक करकरली नाहीं. मग पाणसळ लावली. एका पायाखालीं फट निघाली, तेथें सागवानाची पाचर मारली. पाचर मारावयाची ती पायाखालीं. कांचेखालीं कधींही नाहीं. नवी टाकी ठेवतांना मध्यें अर्ध्या इंचाचा थर्माकोलचा सबंध तुकडा घातला, म्हणजे एखादा वाळूचा कण कांचेला टोंचत नाहीं. मात्र थर्माकोल वांकड्या फळीला सरळ करूं शकत नाहीं. आणि ज्या टाकीला खालून प्लास्टिकची चौकट असते तिला तो घालूंही नये.

ज्यांच्याजवळ पाणसळ नाहीं त्यांच्याजवळ टाकी आहेच. तिच्यांत चार बोटें पाणी ओतावें, संथ होऊं द्यावें, आणि चारीं कोपऱ्यांशीं फूटपट्टी लावून उंची मोजावी. पाण्याइतका सच्चा साक्षीदार दुसरा नाहीं. आमच्याच घरीं तो महिनाभर साक्ष देत होता. चारीं मापें जुळलीं कीं टाकी पूर्ण भरून, मासे न सोडतां, तीन दिवस तशीच राहूं द्यावी आणि रोज पुन्हा मोजावें. आम्हीं आठ दिवस मोजलें. मागें उशीर केला त्याचें हें व्याज.

जागेविषयीं दोन शब्द. आम्हीं टाकी खालीं, जमिनीवरील फरशीवर ठेवली. माडीवर नेण्याचा मोह झाला होता, पण कडीपाटाच्या जमिनीवर एवढें ओझें ठेवावयाचें तर तें भिंतीलगत आणि अनेक कड्यांवर आडवें पडेल असें ठेवावें लागतें; मध्यभागीं तर नाहींच. शहरांतील सिमेंटच्या घरांत राहणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें, कीं राहत्या खोलीचा मजला बांधतांना दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोंचें ओझें धरतात. तीन फुटी टाकीखालीं भिंतीलगत सहसा अडचण येत नाहीं, पण पांचसहा फुटी टाकी आणावयाची असेल तर आधीं इंजिनियरास विचारावें. खिडकींतील उन्हाजवळ टाकी ठेवूं नये. पाण्याला शेवाळ धरतें. विजेचें बटण टाकीच्या थेट खालीं किंवा मागें नसावें. प्रत्येक तारेला बटणाशीं पोंचण्यापूर्वीं खालीं झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब झोलाच्या तळाशीं गळून पडतो, बटणांत शिरत नाहीं. हवेचा पंप बैठकीच्या खालच्या फळीवर ठेवला असेल तर नळींत एकेरी झडप बसवावी. नाहींतर वीज गेली कीं टाकींतील पाणी त्याच नळीनें उलटें उतरूं लागतें, आणि आमच्याकडे पावसाळ्यांत वीज किती वेळां जाते हें मलकापूरकरांस सांगावयास नको. शेवटीं, घरांत लहान मूल असेल तर बैठक मागल्या भिंतीला लोखंडी पट्टीनें आवळून टाकावी. मूल धरून उभें राहणार नाहीं, अशी वस्तु घरांत नसते.

कोणाला हें सारें अति वाटेल. १६ डिसेंबर २०२२ रोजीं बर्लिन शहरांतील एका हॉटेलांत दहा लाख लिटर पाण्याचें, दीड हजार माशांचें प्रचंड मत्स्यालय एकाएकीं फुटलें. पाणी दारें फोडून रस्त्यावर आलें. दोघेच जण जखमी झाले, कारण वेळ पहाटेची होती आणि तेथें वर्दळ नव्हती. थोर थोर इंजिनियरांच्या कामाला जेथें वेळेनें तारलें, तेथें आमच्या टेबलाला आजीच्या हातानें तारलें, एवढाच फरक. पण दैव दरवेळीं फुलें निवडीत जवळ बसलेलें असतेंच, असें नाहीं.

नात आरंभीं नव्या टाकीजवळ जाईना. दाराच्या चौकटीशीं उभी राहून पाही. आम्हीं तिला आग्रह केला नाहीं. एके दिवशीं ती आजीला घेऊन आली, खालीं वांकली, बैठकीच्या एका पायाला दोन्हीं हातांनीं धरून तिनें जोरानें हालवून पाहिलें आणि मग आम्हांला विचारलें, "आजोबा, आतां मीं खाऊं टाकलं तर चालेल?" चालेल, असें आम्हीं म्हटलें. तिन्हीसांजेच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्या. ज्या माशाचें नांव ती घेत नाहीं, त्याच्याविषयीं आम्हीही विचारीत नाहीं.

तिचे आईवडील गेल्या चैत्रांत परत आले आणि ठेव त्यांची त्यांना पोंचती झाली. मासे येथेंच आहेत. आजीची घडवंची पुन्हा माळ्यावर गेली नाहीं. ती स्वयंपाकघरांत आली आणि तिच्यावर पिण्याच्या पाण्याचा हंडा बसतो. तीर्थरूपांच्या टेबलाचा सांधा सुतारांनीं नव्यानें बसवून दिला. त्यावर आतां कागदाहून जड कांहीं ठेवूं नये, अशी सौभाग्यवतींची सक्त ताकीद आहे. हा लेख त्याच टेबलावर लिहिला आहे.